अम्लपित्त व हातापायांची बधिरता

अम्लपित्त व हातापायांची बधिरता : जठरातील अम्लरस ग्रसिकेत (अन्ननलिकेत) उलट चढल्यामुळे छातीत जळजळणे, आंबट ढेकर येणे, घशाशी येणे ही लक्षणे उद्‌भवतात. व्यवहारात या सर्वांना मिळून अम्लपित्त म्हणतात. अशा काही रुग्णांत हातापायांना मुंग्या येणे, तळपाय बधिर होणे, चालताना जमीन नीट न जाणवणे ही लक्षणेही आढळतात. या दोन लक्षणसमूहांचा परस्परसंबंध आहे की नाही, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात निरनिराळ्या स्वरूपांत पुढे आलेला आहे. उलट चढणारे अम्ल हातापायांच्या तंत्रिकांपर्यंत (मज्जातंतूंपर्यंत) पोहोचत नाही व त्यांना प्रत्यक्ष इजाही करीत नाही. जठर आणि तंत्रिका यांना जोडणारा दुवा निराळा असून तो ब१२ या जीवनसत्त्वाचा आहे. हा दुवा प्रथम ज्यांच्या जठरात अम्ल मुळीच तयार होत नव्हते अशा रुग्णांत सापडला आणि अम्लाची निर्मिती रोखणारी औषधे सर्वत्र रूढ झाल्यावर अम्लपित्ताच्या रुग्णांच्या बाबतीत तो पुन्हा महत्त्वाचा ठरला. त्याचा उलगडा होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

प्राचीन उल्लेख : चरकसंहितेत अम्लपित्त हा स्वतंत्र व्याधी म्हणून वर्णिलेला नाही. काश्यपसंहितेत व माधवकराच्या माधवनिदान (सु. सातवे-आठवे शतक) या ग्रंथात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. माधवनिदानात ऊर्ध्वग अम्लपित्ताच्या लक्षणांत हातापायांचा दाह सांगितला असून वाताचा अनुबंध असलेल्या प्रकारात कंप, मूर्च्छा, अंग गळून जाणे यांबरोबर अंगात ‘चिमिचिमि’ होणे हेही लक्षण दिले आहे. मराठीतील ‘चिमचिमणे’ हा शब्द याच जातीचा आहे. आंबट उलटी व अंगातील चिमचिम ही लक्षणे एकाच रुग्णात आढळू शकतात, एवढे निरीक्षण या उल्लेखावरून निश्चित दिसते. त्यामागील कारणमीमांसा त्रिदोषसिद्धांताची असल्यामुळे आधुनिक विकृतिविज्ञानातील कोणत्याही एका रोगाशी हे वर्णन तंतोतंत जुळविता येत नाही.

जठराम्लाचे ज्ञान : जठररसातील अम्ल हे हायड्रोक्लोरिक अम्ल आहे, हे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यांनी १८२३-२४ मध्ये दाखवून दिले. विल्यम बोमाँट या अमेरिकन लष्करी शल्यचिकित्सकांनी बंदुकीच्या जखमेमुळे पोटावर कायमचे छिद्र राहिलेल्या अलेक्सिस सेंट मार्टिन या रुग्णाच्या जठराचे दीर्घकाल निरीक्षण केले व १८३३ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. यामुळे जठरातील पचनाची क्रिया प्रत्यक्ष पाहता आली. अम्लामुळे ग्रसिकेचा शोथ (दाहयुक्त सूज) होतो, ही कल्पना मात्र बरीच उशिरा स्थिरावली. न्यूयॉर्कमधील ॲशर विंकेलस्टाइन यांनी १९३५ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि इंग्लंडमधील फिलिप ॲलिसन यांनी १९५१ मध्ये जठररसाचे ग्रसिकेत उलट चढणे हे त्याचे कारण म्हणून प्रस्थापित केले.

मारक पांडुरोग : जठर व तंत्रिका यांच्या संबंधाचा इतिहास अम्लपित्तापासून सुरू न होता एका विलक्षण पांडुरोगापासून सुरू होतो. एडिंबरो येथील जेम्स स्कार्थ कूम यांनी १८२२ मध्ये अशा एका रुग्णाची हकिकत सादर केली व पचनेंद्रियांचा काही बिघाड त्याच्या मुळाशी असावा असे सुचविले. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील टॉमस ॲडिसन यांनी १८४९ मध्ये व पुढे १८५५ च्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले. रक्तस्राव, क्षय वा कर्करोग यांपैकी कोणतेही कारण न सापडता रुग्ण हळूहळू फिकट व दुर्बल होत जाई आणि अखेर दगावे. झुरिक येथील आंटोन बीअर्मर यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानंतर ‘वर्धिष्णू मारक पांडुरोग’ हे नाव सर्वतोमुखी झाले [⟶ पांडुरोग].

या रोगात जठरच दोषी असावे हा तर्क अमेरिकन वैद्य ऑस्टिन फ्लिंट यांनी १८६० मध्ये मांडला होता. सॅम्युएल फेनविक यांनी १८७० मध्ये अशा रुग्णांच्या शवपरीक्षेत जठराची श्लेष्मकला (आतील बुळबुळीत अस्तर) झिजून पातळ झाल्याचे दाखविले. कान व फोन मेरिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये रुग्णाच्या जठररसात हायड्रोक्लोरिक अम्ल नसते असे नोंदविले. म्हणजे जठरातील बिघाडाचे पुरावे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपूर्वीच हाती आले होते. परंतु जठर बिघडल्यामुळे रक्त का बिघडावे, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

मेरुरज्जूची विकृती : याच सुमारास काही रुग्णांत पायांना मुंग्या येणे, तोल जाणे व पुढे पाय लुळे पडणे ही लक्षणे दिसत असल्याचे ध्यानात येऊ लागले. ओटो लाइख्टेनश्टेर्न यांनी १८८४ मध्ये व लूटव्हिख लिख्टहाइम यांनी १८८७ मध्ये मारक पांडुरोगाच्या रुग्णांच्या मेरुरज्जूत विकृती असल्याचे नमूद केले. या लक्षणांचे उपदंशजन्य मेरुरज्जुविकाराशी साम्य असल्यामुळे प्रारंभी बराच घोटाळा झाला.

रिझिअन रसेल, फ्रेडरिक बॅटन व जेम्स कॉलिअर या लंडनमधील तीन वैद्यांनी १९०० मध्ये ‘मेरुरज्जूचा अनुतीव्र संयुक्त अपकर्ष’ या नावाने या विकाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. मेरुरज्जूचे मागील स्तंभ व बाजूचे स्तंभ हे दोन्ही एकाच वेळी खराब होतात म्हणून ‘संयुक्त’ हे विशेषण योजिले गेले. त्यांनी रोगाच्या तीन अवस्था सांगितल्या. पहिलीत हातापायांत मुंग्या व अस्थिर चाल, दुसरीत पायांची ताठर दुर्बलता व वाढती बधिरता आणि तिसरीत पाय शिथिल होऊन पूर्ण अंगघात अशी ही वाटचाल असे. पांडुरोगाच्या तीव्रतेचे व मेरुरज्जूच्या विकृतीचे प्रमाण जुळत नाही, ही गोष्टही ध्यानात आली. काही रुग्णांत रक्त फारसे बिघडण्यापूर्वीच पाय बधिर होत. या निरीक्षणाचा पूर्ण अर्थ कळण्यास पुढील पन्नास वर्षे जावी लागली.

लंडनमधील आर्थर हर्स्ट यांनी १९२० नंतरच्या दशकात अम्लाचा अभाव हा या दोन्ही विकृतींच्या आधीपासून असतो असे आग्रहाने प्रतिपादन केले. अम्ल नसल्यामुळे आतड्यात सूक्ष्मजंतू वाढतात व त्यांची विषे रक्ताला व मेरुरज्जूला बाधतात, असे त्यांचे मत होते. त्यानुसार रुग्णांना पाण्यातून हायड्रोक्लोरिक अम्ल पाजण्यात येई. अम्लाभाव आधी असतो हे निरीक्षण बरोबर होते. विषांची उपपत्ती मात्र टिकली नाही व अम्ल पाजून रोग बरा झाला नाही.

यकृताहार : अमेरिकेतील रॉचेस्टर येथे जॉर्ज व्हिपल यांनी कुत्र्यांचे रक्त काढून त्यांना पांडुरोगी बनविले व निरनिराळे अन्न देऊन रक्त किती वेगाने भरून येते ते पाहिले. यकृत हे अन्न सर्वांत गुणकारी ठरले. या प्रयोगांतील गुण मुख्यत्वे यकृतातील लोहामुळे होता, हे पुढे कळले. तथापि त्यातून मिळालेली दिशा फलदायी ठरली. बॉस्टन येथील जॉर्ज मिनट व विल्यम मर्फी यांनी मारक पांडुरोगाच्या ४५ रुग्णांना रोज भरपूर यकृत खावयास दिले व १९२६ मध्ये त्यांत झालेली उल्लेखनीय सुधारणा जाहीर केली. मिनट यांना स्वतःला १९२१ मध्ये मधुमेह जडला होता आणि इन्शुलिन वेळेवर उपलब्ध झाल्यामुळेच ते हे कार्य करू शकले. व्हिपल, मिनट व मर्फी यांना १९३४ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

ज्या रोगाच्या नावातच मृत्यू गृहीत धरलेला होता, तो आता आहाराने आटोक्यात आला. मात्र रक्त सुधारल्यानंतरही अनेकांच्या पायांची बधिरता व अस्थिरता तशीच राही. जुनी तंत्रिकाविकृती हळूहळू व अपुरीच भरून येते; ती वाढू न देणे एवढेच बहुधा साधते, असा अनुभव आला.

कॅसल यांचे प्रयोग : निरोगी माणसाला रोज पावशेर-अर्धा शेर यकृत खावे लागत नाही; मग तो रोगी का होत नाही, असा साधा प्रश्न बॉस्टन सिटी हॉस्पिटलमधील विल्यम कॅसल या तरुण वैद्यांनी विचारला. निरोगी जठर साध्या अन्नातूनच तो गुणकारी पदार्थ मिळवीत असावे, असा तर्क त्यांनी केला व तो पडताळून पाहिला. मारक पांडुरोगाच्या रुग्णांना दहा दिवस नुसते गोमांस देण्यात आले. त्याचा रक्तावर काहीही परिणाम झाला नाही. त्यानंतर निरोगी व्यक्तीने खाल्लेले गोमांस सु. एक तासाने तिच्या जठरातून बाहेर काढून, त्याचे आणखी पचन होऊ देऊन, नळीवाटे रुग्णांच्या जठरात सोडण्यात आले. हे मांस पुरविण्यासाठी स्वतः कॅसल यांनीही ते खाऊन जठरातून परत काढले. थोड्याच दिवसांत रुग्णांच्या रक्तात नवजात तांबड्या कोशिका वाढू लागल्या. नुसत्या जठररसाने मात्र हा परिणाम होत नव्हता.

यावरून अन्नातील एक ‘बाह्य घटक’ व जठररसातील एक ‘आंतरिक घटक’ एकत्र आले म्हणजेच रक्तनिर्मिती सुरळीत होते, असा निष्कर्ष कॅसल यांनी १९२९ मध्ये मांडला. अम्लाभाव व पांडुरोग यांचे नातेही यामुळे पुढे उलगडले. जठराच्या ज्या भित्तीय कोशिका अम्ल स्रवतात त्याच आंतरिक घटकही स्रवतात. त्या नष्ट झाल्या म्हणजे दोन्ही नाहीसे होतात. त्यांचा नाश शरीराच्या स्वतःच्याच प्रतिरक्षायंत्रणेकडून होतो, हे १९६० नंतर रुग्णांच्या रक्तात त्यांविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्यावर स्पष्ट झाले.

मुंबईतील संशोधन व फॉलिक अम्ल : या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत घडला. लूसी विल्स या इंग्रज महिला वैद्य १९२८ मध्ये मुंबईस आल्या व त्यांनी हाफकिन संस्थेत राहून गरोदर स्त्रियांना, विशेषतः गरीब गिरणी कामगार स्त्रियांना, होणाऱ्या तीव्र पांडुरोगाचा अभ्यास केला. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचे चित्र मारक पांडुरोगासारखेच दिसे. यीस्टचा अर्क असलेले मार्माइट दिल्यावर या स्त्रिया बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. या अर्कातील अज्ञात पदार्थाला ‘विल्स घटक’ हे नाव मिळाले. तोच पुढे फॉलिक अम्ल म्हणून ओळखला गेला. हे अम्ल १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले व १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगड सुब्बाराव या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली त्याचे संश्लेषण झाले.

फॉलिक अम्लाने मारक पांडुरोगाच्या रुग्णांचेही रक्त सुधारते असे दिसताच यकृताला स्वस्त व सोपा पर्याय मिळाला असे अनेकांना वाटले. परंतु एकदोन वर्षांतच विपरीत अनुभव येऊ लागले. रुग्णाचा चेहरा तजेलदार व रक्तारुणाचे (हीमोग्लोबिनाचे) प्रमाण समाधानकारक असूनही त्याचे पाय बधिर होत गेले; ज्यांना पूर्वी तंत्रिकांचा त्रास नव्हता अशांतही तो नव्याने सुरू झाला. रक्त व तंत्रिका या दोहोंना ज्या पदार्थाची गरज आहे तो फॉलिक अम्लाहून निराळा आहे, हे या कटू अनुभवावरून निर्विवाद ठरले. फॉलिक अम्ल रक्तातील खूण पुसून टाकते, पण मेरुरज्जूची हानी चालूच राहते. हा धडा आजही वैद्यकशिक्षणात आवर्जून दिला जातो.

ब१२ जीवनसत्त्व : यकृतातील मूळ पदार्थ १९४८ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे शुद्ध स्वरूपात मिळाला. अमेरिकेत मर्क कंपनीतील कार्ल फोकर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सो कंपनीतील लेस्टर स्मिथ यांनी त्याचे लाल स्फटिक वेगळे केले. मेरी शॉर्ब यांनी शोधून काढलेल्या सूक्ष्मजंतूंच्या वाढीवर आधारलेल्या मापनपद्धतीचा मर्कमधील कामाला मोठा उपयोग झाला. अवघ्या काही मायक्रोग्रॅमच्या अंतःक्षेपणाने (इंजेक्शनने) रुग्णाचे रक्त सुधारते, असे न्यूयॉर्कमधील रँडॉल्फ वेस्ट यांनी दाखविले. या पदार्थात कोबाल्ट हे मूलद्रव्य असल्याने त्याला कोबालमीन असेही म्हणतात. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५५-५६ मध्ये त्याची गुंतागुंतीची संरचना निश्चित केली. त्यांना १९६४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले [⟶ जीवनसत्त्वे].

ब१२ केवळ सूक्ष्मजंतू तयार करू शकतात. मांस, यकृत, मासे, अंडी व दूध यांतून ते माणसाला मिळते. धान्ये, कडधान्ये, भाज्या व फळे यांत ते जवळजवळ नसते. प्रौढ व्यक्तीस दररोज सु. २ ते २·५ मायक्रोग्रॅम पुरते. निरोगी व्यक्तीच्या शरीरात, मुख्यतः यकृतात, त्याचा २ ते ५ मिग्रॅ. साठा असतो. त्यामुळे पुरवठा थांबला तरी लक्षणे दिसण्यास काही वर्षे लागू शकतात. कारण व परिणाम यांत इतके अंतर पडत असल्याने रुग्णाला व कित्येकदा वैद्यालाही त्यांचा संबंध जाणवत नाही.

अन्नातील ब१२ प्रथिनांना जखडलेले असते. जठरातील अम्ल व पेप्सीन हे एंझाइम त्याला मोकळे करतात. मग ते लाळेतील एका प्रथिनाशी बद्ध होते. ग्रहणीत (लहान आतड्याच्या पहिल्या भागात) स्वादुपिंडाच्या रसामुळे पुन्हा सुटते व आंतरिक घटकाशी संयोग पावते. ही जोडी लहान आतड्याच्या अखेरच्या भागात शोषली जाते. यांपैकी कोणत्याही पायरीवर अडथळा आला तर ब१२ शरीरात पोहोचत नाही. जठर पूर्णतः काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, लहान आतड्याच्या अखेरच्या भागाचे विकार व जठराच्या अस्तराचा दीर्घकालीन शोथ यांमुळे म्हणूनच त्याची त्रुटी निर्माण होते.

तंत्रिकांवरील परिणाम : शरीरात ब१२ दोन एंझाइमांना साहाय्य करते. एकामुळे होमोसिस्टीन या ॲमिनो अम्लाचे मिथिओनिनात रूपांतर होते. दुसरे मिथिलमॅलॉनिक अम्लाच्या चयापचयाशी संबंधित आहे. त्रुटी झाल्यास ही दोन्ही द्रव्ये रक्तात साचतात. तंत्रिकातंतूंभोवतीचे मेदयुक्त वसावरण फुगते व तुटते आणि पुढे आतील तंतूही नष्ट होतो. सर्वसाधारणपणे दोन्ही पायांच्या बोटांत सारख्याच मुंग्या येऊन प्रारंभ होतो. कंपनाची व सांध्यांच्या स्थितीची जाणीव कमी झाल्यामुळे डोळे मिटून किंवा अंधारात चालताना तोल जातो. पुढे हातांत बधिरता, गुंड्या लावण्यासारख्या बारीक कामात अडचण, विस्मरण व चिडचिड ही लक्षणे दिसू शकतात.

रक्त व तंत्रिका यांची हानी स्वतंत्रपणे होऊ शकते, ही १९०० च्या सुमाराची नोंद न्यूयॉर्कमधील जॉन लिंडनबाउम व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये आकड्यांनिशी सिद्ध केली. ब१२ च्या त्रुटीमुळे तंत्रिका वा मन यांचे विकार झालेल्या १४१ रुग्णांपैकी ४० जणांत (२८ टक्के) पांडुरोग नव्हता किंवा तांबड्या कोशिकांचा आकारही वाढलेला नव्हता. रक्ताची नेहमीची तपासणी ठीक आहे म्हणून ब१२ ची त्रुटी नाही, असे मानता येत नाही.

अम्लरोधी औषधे : सोडा, मॅग्नेशियम वा ॲल्युमिनियमाची संयुगे ही जुनी औषधे आधीच स्रवलेल्या अम्लाचे काही काळ उदासिनीकरण करीत. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निर्माण झालेले सिमेटिडीन हे औषध १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये उपलब्ध झाले व अम्लाचा स्राव मुळातच कमी करणे शक्य झाले. स्वीडनमध्ये विकसित झालेले ओमेप्रॅझोल १९८८ मध्ये बाजारात आले. ते भित्तीय कोशिकांतील अम्ल बाहेर टाकणारा ‘प्रोटॉन पंप’च बंद पाडते. या वर्गातील पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल इ. औषधे पुढे जगभर सर्रास वापरली जाऊ लागली. व्रण व ग्रसिकाशोथ यांच्या रुग्णांना त्यांमुळे मोठा आराम मिळाला व अनेकांची शस्त्रक्रिया टळली, हे निःसंशय आहे.

परंतु निसर्गतः अम्लहीन झालेल्या जठरात जे घडत होते त्याचा एक भाग आता औषधाने घडू लागला. या औषधांनी आंतरिक घटक नाहीसा होत नाही. अन्नाला जखडलेले ब१२ मोकळे करणारे अम्ल मात्र कमी पडते. निरोगी स्वयंसेवकांना दोन आठवडे ओमेप्रॅझोल दिल्यावर प्रथिनबद्ध ब१२ चे शोषण बरेच घटते, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात आढळले. उत्तर कॅलिफोर्नियातील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत ब१२ ची त्रुटी असलेल्या २५,९५६ व ती नसलेल्या १,८४,१९९ व्यक्तींची तुलना केली होती. प्रोटॉन पंप रोखणारी औषधे दोन वा अधिक वर्षे घेतलेल्यांत त्रुटीची शक्यता सु. १·६५ पट आणि सिमेटिडीनच्या वर्गातील औषधे तितकाच काळ घेतलेल्यांत सु. १·२५ पट आढळली. मात्रा जास्त असलेल्यांत हा संबंध अधिक दृढ होता.

अशा पाहणीने कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही आणि ही औषधे घेणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींना तंत्रिकाविकृती होत नाही. ज्यांचा ब१२ चा साठा आधीच तुटपुंजा आहे, अशांच्या बाबतीत धोका अर्थपूर्ण ठरतो. या औषधांच्या दीर्घ वापराने रक्तातील मॅग्नेशियम घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये दिला. मॅग्नेशियमाच्या तीव्र त्रुटीनेही मुंग्या व स्नायूंना पेटके येतात.

भारतातील परिस्थिती : भारतात या प्रश्नाला आहारामुळे वेगळे परिमाण लाभते. पुण्यातील के. ई. एम. हॉस्पिटलमध्ये चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातील, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६७ टक्के व्यक्तींच्या रक्तात ब१२ चे प्रमाण कमी आढळले. शाकाहार हे त्याचे प्रमुख कारण होते आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सर्वाधिक होते. दुधाचा अल्प वापर असलेला शाकाहार, वर्षानुवर्षे स्वतःहून घेतलेली अम्लरोधी गोळी व मधुमेहासाठी घेतले जाणारे मेटफॉर्मीन (यानेही ब१२ चे शोषण घटते) या तिन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत एकत्र येणे महाराष्ट्रातील शहरांत अपवादात्मक नाही.

इतर कारणे : अम्लपित्त व बधिरता एकाच रुग्णात असली म्हणजे दुवा ब१२ चाच असतो असे नाही. दोहोंच्या मुळाशी तिसराच विकार असू शकतो. मधुमेहात तंत्रिका खराब होऊन पाय बधिर होतात, तसेच जठराच्या हालचाली मंदावून अन्न घशाशी येते. दीर्घकालीन मद्यपान जठर व तंत्रिका या दोहोंना बाधक आहे. त्वग्‌काठिण्य या रोगात ग्रसिकेची हालचाल बिघडून अम्ल वर चढते व थंडीने हातांची बोटे पांढरी-निळी पडून बधिर होतात. चिंतेच्या भरात श्वासोच्छ्‌वास जलद झाल्यास ओठांभोवती व हातांत मुंग्या येतात. कित्येकदा दोन्ही तक्रारी केवळ योगायोगाने एकत्र असतात. मानेच्या वा कमरेच्या मणक्यातील दाब, मनगटापाशी तंत्रिका आवळली जाणे आणि भारतात विशेष ध्यानात ठेवावा असा कुष्ठरोग ही बधिरतेची कारणे जठराशी असंबद्ध आहेत. एका बाजूचे हातपाय अचानक बधिर होणे हे मेंदूतील रक्तप्रवाह खंडित झाल्याचे, तर छातीतील जळजळीबरोबर डाव्या हातात कळ वा जडपणा, घाम व धाप ही हृद्‌रोगाची चिन्हे असू शकतात. ती अम्लपित्ताची समजून वेळ दवडणे घातक ठरते.

निदान व चिकित्सा : रक्तातील ब१२ चे मापन व ते संदिग्ध असल्यास मिथिलमॅलॉनिक अम्ल आणि होमोसिस्टीन यांचे मापन यांवरून त्रुटी निश्चित करतात. किरणोत्सर्गी ब१२ देऊन शोषण मोजण्याची रॉबर्ट शिलिंग यांची १९५३ मधील कसोटी अनेक दशके प्रचारात होती. ती आता मागे पडली आहे. तंत्रिकाविकृती असल्यास ब१२ ची अंतःक्षेपणे देतात. गोळीतील ब१२ प्रथिनांना जखडलेले नसल्यामुळे ते मोकळे करण्यास अम्लाची गरज नसते. म्हणून अम्लरोधी औषधांमुळे झालेल्या त्रुटीत गोळीही उपयोगी पडते. आंतरिक घटकच नसलेल्या मारक पांडुरोगात मोठ्या मात्रेचा सु. एक टक्का भाग तेवढा अन्य मार्गाने शोषला जात असल्याने अंतःक्षेपणे किंवा १,००० मायक्रोग्रॅमसारखी मोठी दैनिक मात्रा लागते. ब१२ ची त्रुटी नाही याची खात्री करून घेतल्याशिवाय नुसते फॉलिक अम्ल दीर्घकाल देणे धोक्याचे आहे. अम्लरोधी औषध आवश्यक असल्यास ते आपणहून एकाएकी बंद न करता त्याची गरज, मात्रा व मुदत यांचा वैद्याकडून वेळोवेळी फेरविचार होणे इष्ट असते.

उपचार काही महिन्यांत सुरू झाले तर मुंग्या व बधिरता बहुधा पुष्कळशी कमी होतात. विलंब झाल्यास काही दोष कायम राहतो. यकृताहाराच्या काळात आलेला हा अनुभव शुद्ध ब१२ उपलब्ध झाल्यानंतरही बदललेला नाही. अम्लपित्तावर दीर्घकाल औषध घेणाऱ्या व्यक्तीच्या दोन्ही पायांना नव्याने येऊ लागलेल्या मुंग्यांची दखल त्यामुळे प्रारंभीच घेणे आवश्यक ठरते.